‘म्हण बघू’ म्हणणारी माणसं

आमच्या रुक्मीला लहानपणी बोलता येत नव्हतं, असं नात्यातलं कुणी अजूनही सांगायला लागलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बोलता येत नव्हतं म्हणे! ज्यांना धड ऐकता येत नव्हतं त्यांनी उठवलेली ही आवई. मी तिची थोरली बहीण. तिला कडेवर वागवून माझी कंबर एका बाजूला कलली, तेव्हा माझ्या शब्दाला काही किंमत असेल तर ऐका. रुक्मी बोलत होती. पाळण्यात होती तेव्हापासून बोलत होती. अक्षरं मागून यायची होती, एवढंच. आणि तेवढा धीर आमच्या अख्ख्या मिरजगावात माझ्या आईशिवाय कुणाला नव्हता.

आमचं घर आडतीच्या पाठीमागच्या भिंतीला लागून होतं. आबा त्या आडतीवर लिंबांचा लिलाव पुकारायचे. सकाळी गोण्या सुटायच्या, लिंबं फरशीवर ओतली जायची, त्यांचा तो सळसळत पसरण्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा आणि आई तव्यावर भाकरी टाकता टाकता म्हणायची, “झाली सुरू तुमच्या बापाची आरती.” मग आबांचा आवाज. काय आवाज होता! हायवेवरचे ट्रक एकीकडे आणि आबा एकीकडे. बोली पायरी पायरीनं वर चढायची, वर गेली की क्षणभर थांबायची, आणि ‘तीन वार’ला धाडकन खाली यायची. लांबलांबचे शेतकरी म्हणायचे, माल कुठंही घाला पण पुकारा यांचाच पाहिजे. आमच्या घराला लिंबाचा वास कायमचा. लोणच्याची बरणी, उन्हात वाळत घातलेल्या फोडी, आईच्या बोटांच्या चिरांना झोंबणारा रस, सगळं आंबट. त्यात कुणाच्या घरी कार्य असलं की झणझणीत शिपी आमटीचं पातेलं यायचं आणि आम्ही नाका-डोळ्यांतून पाणी गाळत भुरके मारायचो. घर लहान होतं, पण मुकं मात्र नव्हतं.

अशा घरात रुक्मी जन्मली. दात यायच्या आधी ती पाळण्यात पडल्या पडल्या आबांचा लिलाव करायची. शब्द एक नाही. नुसता हेल. ‘आ-आ-आ’ करत पायऱ्या चढायची, वर थांबायची आणि धाडकन खाली. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, “पुकाऱ्याची पोर गं बाई!” तेव्हा तिचं सगळ्यांना कौतुक. थोडी मोठी झाल्यावर तिनं आईचा हेल उचलला. बाहुलीपुढं बसून ती जे काय बडबडायची त्यातला एक शब्द कळायचा नाही, पण डोळे मिटून ऐकलं तर आई आबांना ‘किती येळ झाला, जेवायला यायचं का न्हाई’ म्हणतेय, हे शेजाऱ्यानंही ओळखावं. प्रश्न विचारताना शेवट वर जायचा, रागावली की शब्द तुटक, लाडात आली की लांबडे. बोलण्याचा सगळा सांगाडा तिनं आधी उभा केला होता. हे मला तेव्हा असं मांडता आलं नसतं, पण कानाला कळत होतं.

मग शब्द आले. आले ते तिच्या तोंडाला जमतील असे आले. ‘क’ म्हणायचा तर ती ‘त’ म्हणायची, ‘ग’चा ‘द’, ‘र’चा आणि ‘ळ’चा ‘ल’. मी कमल, तर तिची तमल. भूक लागली की, “तमल, मला दुल-भातल दे.” म्हणजे गूळ-भाकर. मला कधी अडलं नाही. कारण ती वेडंवाकडं बोलत नव्हती, तिचा कायदा होता आणि तो ती काटेकोर पाळायची. ‘क’चा ‘त’ म्हणजे ‘त’च, आज ‘त’ उद्या ‘प’ असलं काही नाही. साखर म्हटलं की साथल. घर म्हटलं की धल. मी दोन दिवसांत शिकले. घरातल्या कुणालाही शिकता आलं असतं. पण आम्हा माणसांना लहान मूल कसं बोलतं हे ऐकायचंच नसतं, आपल्यासारखं बोलतंय का एवढंच बघायचं असतं.

आणि तिचं नाव ठेवलं होतं रुक्मिणी. बारशाला आत्यानं सुचवलं. पहिलंच अक्षर ‘र’ आणि पाठोपाठ ‘क’. पोर स्वतःला लुत्मी म्हणायची.

आडतीसमोर चहाचं हॉटेल होतं. लिलाव संपला की व्यापारी, हमाल, टेम्पोवाले तिथं बाकड्यावर बसायचे. रुक्मी आबांच्या मागं मागं जायची. “ए पोरी, नाव काय गं तुजं? म्हन बगू.” “लुत्मी.” की हशा. “कुटं ऱ्हाती? म्हन बगू.” “मिलजदावला.” पुन्हा हशा. एखादा तिच्या हातावर शेवेची चिमूट ठेवायचा. असं रोज. लोकांना करमणूक पाहिजे होती आणि आमची पोर फुकट मिळाली होती. सुरुवातीला तिला वाटायचं आपलं कौतुक चाललंय. तीही हसायची. मग त्या लोकांनी तिला लुत्मीच म्हणायला सुरुवात केली. ती दिसली की ह्या बाकड्यावरून त्या बाकड्यावर, “आली, लुत्मी आली!”

त्या दिवशी मी आबांना जेवायला बोलवायला गेले होते, म्हणून माझ्या डोळ्यांदेखत घडलं. हॉटेलात एक म्हातारे दाजी बसायचे, आबांच्या मैत्रीतले. ते म्हणाले, “काय लुत्मीबाई, च्या घेता का?” रुक्मीनं दोन्ही मुठी वळल्या. लालबुंद झाली. “लुत्मी न्हाई म्हनायचं!” ती ओरडली. “लुत्मी म्हन! लु-त्मी!”

अहो, ह्यात हसण्यासारखं काय होतं? त्या पोरीला आपलं नाव नीट माहीत होतं. दाजी चुकीचं म्हणतायत हे तिच्या कानाला बरोबर कळत होतं. तिच्या कानात रुक्मीच होतं, तोंडातून अजून निघत नव्हतं. एवढ्याशा जिवानं भर चौकात उभं राहून आपलं नाव मागितलं, आणि अख्खं हॉटेल हसत सुटलं. कुणी बशीतला चहा सांडला, कुणी मांडीवर थापा मारल्या. आणि आबा, माझे आबा, तेही हसले. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसले. रुक्मीनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, शेवटी आबांकडं. मग माझा परकर धरला आणि घरी चालू लागली. त्या दिवसापासून तिनं तोंड मिटलं.

मला आजही कळत नाही, मोठ्या माणसांना बोबड्या बोलांत एवढं कसलं सुख मिळतं. परवा माझ्या नातवाच्या शाळेतून सुनेला निरोप आला, नगरच्या मोठ्या इंग्रजी शाळेतून, की मुलाचा ‘र’ स्पष्ट नाही, घरी सराव घ्या. पोरगं साडेतीन वर्षांचं! मी सुनेला म्हटलं, त्या बाईंना सांग, तुमच्या शहराचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, तरी बसमध्ये बसताना माझ्या तोंडून अजून नगरच निघतं. आयुष्यभराची सवय, जिभेला वेळ लागतो. मला कुणी सराव देत नाही, माझ्यावर कुणी हसत नाही. म्हाताऱ्या जिभेला वेळ मिळतो आणि कोवळ्या जिभेला नाही, हा कुठला न्याय? सून हसली. निरोप तिनं पोचवला नसणार.

तर रुक्मी गप्प झाली. हॉटेलकडं जाईना, आबांच्या मांडीवर बसेना. पाहिजे ती वस्तू बोटानं दाखवायची. आईनं आधी दुर्लक्ष केलं, मग तिचाही जीव वरखाली व्हायला लागला. शेजारणींनी उपाय सांगितले. वेखंड उगाळून जिभेला लावलं. राघूनं चोच मारलेला पेरू खायला घाला म्हणाल्या, तर मी पाटलाच्या बागेत शिरून असा अर्धा कुरतडलेला पेरू आणला. रुक्मीनं तो आवडीनं खाल्ला आणि दुसरा हवा म्हणून झाडाकडं बोट दाखवलं. गावात मात्र बोलणं सुरू झालं होतं. पुकाऱ्याची पोर मुकी निघाली. आबांना हे लागायचं. ज्याच्या आवाजावर बाजार चालतो त्याच्याच घरात असं, ह्याची त्यांना लाज वाटायला लागली. पोरीची काळजी मागं आणि स्वतःची लाज पुढं.

त्यांनी आत्याला बोलावून घेतलं. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण, दिलेली जामखेडच्या बाजूला. ती आली की घरात आईचं भावजयीचं काम सुरू, पदर डोक्यावर आणि मान खाली. आत्यानं रुक्मीला पुढ्यात घेतलं, हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं आणि लगेच निकाल दिला. “जीब बांदलीया हिची. खालची शीर तोडाया पायजे. आमच्या जावंच्या पोराची तोडली, आता राघूवानी बोलतंय. आन् तवर जरा शिस्त लावा. नीट म्हटल्याबिगर काय बी द्यायचं न्हाई.”

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! पण आबांनी मान डोलावली, म्हणजे घराचा कायदा झाला. उन्हाळा मी म्हणत होता. रुक्मी माठापाशी जाऊन उभी राहायची, आत्या माठावर हात ठेवून बसायची. “पाणी म्हन. म्हन बगू.” रुक्मी बघत राहायची. ‘पानी’ तिला येत होतं, त्यात ना ‘र’ ना ‘क’. पण ती म्हणेना. मी तांब्या पुढं केला तर आत्यानं माझ्या हातावर चापट मारली. “तुमीच लाडावून ठिवलीया.” थोड्या वेळानं रुक्मी दिसेना म्हणून आई परसात गेली, तर पोर शेळीच्या घमेल्यापुढं गुडघ्यावर बसून ओंजळीनं पाणी पीत होती. शेळी बाजूला उभी. आईनं तिला उचललं, पदरानं तोंड पुसलं आणि आत येऊन आत्यासमोरून माठातलं पाणी भरून घेतलं. आत्या म्हणाली, “अशानं बोलल व्हय ती?” आई म्हणाली, “बोलतीया ती, वन्सं. तुमाला ऐकू येत न्हाई.”

खरंच होतं ते. शब्द बंद झाले होते, हेल बंद झाला नव्हता. परसात एकटी खेळताना, लिंबं ओळीनं मांडताना, ओठ मिटून ती गुणगुणायची, आणि त्या गुणगुणण्यात कधी आई भांडत असायची, कधी आबा लिलाव करत असायचे. भाकरी थापता थापता आई ऐकत असायची. मीही. पण दोघी बायकांच्या कानाला कोण विचारतो?

बाजाराचा दिवस ठरला. बाजारतळाच्या कडेला, पत्र्याच्या शेडखाली एक माणूस बसायचा. कान टोचायचा, रुतलेले काटे काढायचा आणि पोरांच्या जिभेची शीर तोडायचा. त्याच्यापुढं मळक्या फडक्यावर सुया, चिमटा आणि नखं काढायची नराणी मांडलेली. शेजारी हळदीची पुडी. आत्यानं आईला घरी थांबायला सांगितलं, आईचं काळीज असलं काही बघायला नको म्हणून. मला सोबत घेतलं, कारण रुक्मी माझ्याशिवाय हलत नव्हती. मला काय होणार आहे ते माहीत होतं. वाटेत मी आबांना म्हटलं, “आबा, लई दुखंल तिला.” आबा म्हणाले, “आत्याला समजतंय तुझ्यापरीस.”

आबांनी तिला मांडीवर घट्ट धरलं. आत्यानं डोकं धरलं. त्या माणसानं बोटानं तिचं तोंड उघडलं आणि म्हणाला, “जीब वर कर गं.” रुक्मीनं जीभ वर केली. पार टाळूला लावली. मग बाहेर काढली, हनुवटीपर्यंत. तिला वाटलं, एवढं केलं की सोडतील. माणसानं वाकून बघितलं, बोटानं चाचपलं आणि म्हणाला, “शीर तशी ढिलीच हाय. पन आता आलाच हाय तर टाकतो तोडून. त्यात बिघडतंय काय?”

त्यात बिघडतंय काय! मला ठाऊक आहे, काही मुलांची शीर खरंच आखूड असते. तेव्हा डॉक्टर बघतात, गरज असली तर नीट करतात, त्याला माझी हरकत नाही. पण हिची ढिली आहे असं तोच म्हणतोय, आणि त्याच तोंडानं म्हणतोय तोडून टाकतो! आले आहेत, हळद उघडलीय, तर मोकळं कशाला पाठवायचं! मी ओरडले, “आबा, त्यो म्हनतोय ढिली हाय! आबा, ऐका की!” आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते आत्याकडं बघत होते. आत्या म्हणाली, “तोडा.”

त्यानं नराणी उचलली. तेवढ्यात त्याच्या मनगटावर एक हात आला. आईचा. घरी बसवलेली माझी आई पीठ लागलेल्या हातानं तशीच आली होती, पायात चप्पल नव्हती. तिनं त्याच्या हातातून नराणी काढून घेतली आणि लांब भिरकावली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो तिनं नीटही केला नाही. ती आबांना म्हणाली, आणि एवढ्या मोठ्यानं म्हणाली की कांदे निवडणाऱ्या बायका उभ्या राहिल्या, “सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं वरडता रोज. आन् पोटच्या पोरीसाठी एक ‘नको’ तुमच्या तोंडातनं निघंना व्हय?”

आबांचे हात सुटले. आईनं रुक्मीला उचलून घेतलं. आत्या मागून ओरडत होती, “मुकी ऱ्हाईल, मुकी! मग बस उरावर घिऊन!” आई वळली आणि म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. माज्या उरावर हाय, तुमच्या न्हाई.” आत्यानं त्याच दुपारी एसटी धरली.

घरी येऊन आईनं आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि आबांना, समोर बसवलं. आजपासून ह्या घरात कुणी रुक्मीला ‘म्हण’ म्हणायचं नाही. ती बोट दाखवेल ते द्यायचं. ती बोलली तर टाळ्या पिटायच्या नाहीत, हसायचं नाही, शेजारी सांगत सुटायचं नाही. आबा मुकाट्यानं हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी आई पाण्याची घागर घेऊन हॉटेलासमोरून चालली होती, तर दाजी सवयीनं बोलले, “लुत्मीबाई कुटं हायती?” आई थांबली. “दाजी, तुमचे पुढचे दात पडल्यापास्नं तुमी ‘साखर’ म्हनता तवा शिट्टी वाजती. आमी बाया पान्याला जाताना रोज ऐकतो. हसलो का कधी?” दाजींनी तोंडावर उपरणं घेतलं. पुन्हा त्या बाकड्यावरून कुणी माझ्या बहिणीचं नाव वाकडं घेतलं नाही.

आबांचे फार हाल झाले, ते मान्य करते. रोज संध्याकाळी ते रुक्मीजवळ बसायचे, काही विचारायला तोंड उघडायचे आणि आईनं बघितलं की मिटायचे. पण माझा राग त्यानं गेला नाही. ते गेल्यावर त्यांच्या फोटोला हार घालताना लोक म्हणाले, काय आवाज होता माणसाचा. मी मनात म्हटलं, हो, होता, पण त्या शेडखाली मी वाट बघत होते तेव्हा कुठं गेला होता?

उन्हाळा सरला, पाऊस पडून गेला, बाजऱ्या निघाल्या. एके दिवशी आम्ही जेवत होतो. आईनं कालवणात मीठ कमी टाकलं होतं. रुक्मीनं घास खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, “मीठ दे.”

मी आबांकडं बघितलं, आबांनी ताटाकडं. आईनं मान वरसुद्धा केली नाही. मिठाची वाटी सरकवली आणि म्हणाली, “थोडंच घे, खारट व्हईल.” बस्स. पण वाटी सरकवताना अर्धं मीठ फरशीवर सांडलं. जेवणं झाल्यावर आई भांडी घेऊन परसात गेली आणि खूप वेळ आत आली नाही.

त्यानंतर रुक्मी हळूहळू सुटली. पुढं तिचा ‘क’ आला, ‘ग’ आला. ‘र’ शाळेत गेल्यावर कधीतरी आला, कुठल्या दिवशी ते कुणाला सांगता येणार नाही, कारण कुणी राखण करत बसलं नव्हतं. नातवाच्या वेळी सुनेनं जिच्याकडं नेलं ती वाचा शिकवणारी पोरगी शहाणी निघाली. ती म्हणाली, आजी, ‘र’ सगळ्यात उशिरा येतो, पोराला हसवा, त्याच्यावर हसू नका. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. माझ्या आईला हे कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

ह्यातलं एकही अक्षर यायच्या आधीची ही गोष्ट. दिवाळीला आत्या आली. मधल्या काळात आबा जाऊन तिची समजूत घालून आले होते. आल्या आल्या पाय धुवायच्या आधीच तिनं रुक्मीला समोर ओढलं. “काय गं, फुटली का वाचा? म्हन बगू, आत्या म्हन.” आई चुलीपाशी ताठ झाली. आबा दारात. रुक्मीनं आत्याचा हात आपल्या दंडावरून बाजूला केला. मोठी झाल्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि एकेक शब्द सावकाश, आईच्या त्या शेडखालच्या हेलात म्हणाली, “मी सदल्यांशी बोलते. तुझ्याशी न्हाई बोलनाल.”

काय म्हणतीय पोर म्हणून आत्यानं आमच्या कुणाकडं वळून विचारलं नाही. ह्या वेळी तिला नीट ऐकू आलं होतं.